आमच्या घरात कुणी न्हाई

१

कडूबाचं प्रेत जीपमध्ये मावेना.

उसाच्या मोळ्या उचलून खांदे भरलेला विशीतला पोरगा. अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी भोकरदनच्या एका लहानशा दवाखान्यात सकाळी स्वतःच्या पायांनी चालत आला होता, आणि दुपार व्हायच्या आत टेबलावरच संपला. शवविच्छेदनाला न्यायला जीप आली, तर त्याचे गुडघे वाकेनात. लाकडासारखे ताठ. शेवटी मागचं फाळकं उघडं ठेवून, पाय बाहेर काढून त्याला न्यावं लागलं.

"आत्ता गेलेलं माणूस इतक्यात ताठ होतंय का?" गर्दीत कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "मी आत डोकावलो तं पोरगं बर्फात ठिवलेलं व्हतं. म्हंजे कवाच मेलेलं व्हतं, लपवून ठिवलं!"

मग दगड आला. दवाखान्याच्या खिडकीची काच फुटली.

त्या गोंधळात कडूबाच्या आईने, सगुणाबाईने, जीपमागे धावत जाऊन लेकाच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा काढून घेतला. मेलेलं अंग तव्यासारखं तापलेलं होतं. त्या वेळी ती जे बोलली ते फक्त शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टर सत्यशीला बोर्डे यांनाच ऐकू आलं.

"पुन्हा तसंच," सगुणाबाई म्हणाली. "पुन्हा तसंच, माय!"

२

"सर, मी मारलं का हो त्याला?"

सत्यशीला तातेराव हिवाळ्यांसमोर बसून विचारत होती. सरकारी मेडिकल कॉलेजात त्यांनी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं होतं. पण रोग्याच्या खाटेजवळ गेलं की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. निवृत्त होऊन भोकरदनला आले ते पुस्तकांच्या चार कपाटांसह, आणि त्या कपाटांतलं आपल्याला निम्मंही कळलेलं नाही ही टोचणी घेऊन. सत्यशीला त्यांची विद्यार्थिनी. भूल देणारी डॉक्टर. या दवाखान्यातून त्या दवाखान्यात बॅग घेऊन फिरायची. आता तिला कुणी बोलवत नव्हतं आणि तिच्यावर तक्रार दाखल झाली होती.

"आधी काय झालं ते सांग," तातेराव म्हणाले.

"झोपेचं इंजेक्शन दिलं. मग नळी घालायची म्हणून स्नायू सैल करणारं दिलं, नेहमीचंच. तर जबडाच उघडेना. मला वाटलं, अजून लागू पडलं नसेल. कसंबसं निभावलं, गॅस सुरू केला. थोड्याच वेळात नाडी धावायला लागली, अंग तापलं. इतकं तापलं सर, की दवाखान्यातल्या सर्जेरावला पळवलं आणि रसवंतीवरचा बर्फ आणून अंगावर ओतला. बर्फ वितळत होता आणि पोरगा तापतच होता. हातपाय ताठ. रक्त काळं. मी नुसती बघत राहिले."

तातेरावांनी डोळे मिटले. एका जाड पुस्तकातल्या एका पानावर त्यांनी हे सगळं वाचलं होतं. प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. पाहिलेल्या माणसाला भेटलेही नव्हते.

"मला एक शंका आहे," ते चाचरत म्हणाले. "ती चूक असली तर बरंच. काही घराण्यांत स्नायूंचा एक दोष जन्मापासून असतो, आईबापाकडून मुलांत उतरतो. एरवी माणूस ठणठणीत. पण हा गॅस आणि ते इंजेक्शन मिळालं की सगळे स्नायू एकदम आखडतात आणि आतून भट्टी पेटते. हे खरं ठरलं तर तू सुटशील."

"मग?"

"मग त्या घरात तो दोष आणखी कुणाच्या अंगात आहे, हा प्रश्न उरेल."

सत्यशीलाचा चेहरा उतरला. "सर, कडूबाची बहीण बेबीनंदा. पहिलटकरीण आहे, दिवस भरत आलेत. सुतकाचं घर नको म्हणून तिला माहेराहून सासरी, टेंभुर्णीला, परत पाठवलंय. मूल पायाळू आहे. सिझर करावं लागेल असं मीच तिला सांगितलं होतं."

३

तातेरावांना कुणाला प्रश्न विचारायचे म्हणजे संकट वाटायचं. पण निघाले.

पहिला संशय होता सर्जेराववर. सिलिंडर बदलणं, नळ्या जोडणं ही दवाखान्यातली कामं तो करायचा, आणि तो पितो हे गावाला माहीत होतं. चुकीचा सिलिंडर लावला, असं लोक म्हणत होते.

"पितो, साहेब," सर्जेराव म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण दिवस बुडाल्यावर. आन् नळ्या मीच जोडल्या, बराबर जोडल्या. मॅडमनं ते दुसरं इंजेक्शन दिलं ना, तसा त्याचा जबडा बसला. बिबट्यानं शेळी धरल्यावानी. मी दोन्ही हातांनी वढला. बिलकुल हालला न्हाई."

"दुसरं इंजेक्शन दिल्यावर? आधी नाही?"

"आधी तं हासत व्हता, साहेब. मला म्हणला, मामा, अपेंडिक्स बाटलीत घालून द्या, आईला दाखवायचंय."

दुसरा संशय धर्मराजवर. कडूबाचा चुलतभाऊ. दोन घरांत बांधावरून भांडण होतं, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोटदुखीवर काढा म्हणून त्यानेच तांब्या भरून काहीतरी पाजलं होतं. अंग ताठ झालं म्हणजे कुचल्याचं विष, असं पोलीसही बोलू लागले होते.

धर्मराज बैलांना कडबा टाकत होता. त्याने मान वर केली नाही.

"ओवा आन् शोपा उकळून दिल्त्या. तुम्हालाबी देऊ का उकळून? प्या माझ्यासमोर. बांधावरून भांडलो ते चुलत्याशी. पोराला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, साहेब. मी इष देईन?"

तातेरावांनी तांब्या नको म्हणून हात हलवला. ते निघायला वळले, तसा धर्मराज आपणहून म्हणाला, "एवढा पहिलवान गडी, पण आतून कच्चा व्हता. आम्ही दोघं अंकुशनगरला ऊसतोडीला गेल्तो. उन्हात मोळ्या भरल्या का त्याच्या मांड्या दगडावानी आखडायच्या. मंग लघवी काळ्या चहासारखी. मुकादम म्हणायचा, नाटकं करून राह्यलं पोरगं. मीबी हासायचो." त्याने हातातली कडब्याची पेंढी खाली टाकली. "मीबी हासायचो, साहेब."

तातेराव रस्त्यात उभे राहिले. पुस्तकातलं ते पान आता जिवंत होऊ लागलं होतं, आणि त्यांना ते होऊ नये असं वाटत होतं.

४

कडूबाचे वडील रामकिसन ओट्यावर बसले होते. बाजूला दोन-चार भाऊबंद. सगुणाबाई दाराच्या आत, चौकटीला टेकून. तातेरावांना घोंगडी टाकली, पाणी आलं. चहा आला नाही, सुतक होतं.

"तुमच्या घरात ऑपरेशनच्या वेळी, भूल दिल्यावर, पूर्वी कुणी दगावलंय का?"

"हेच त्या बाईनंबी विचारल्तं," रामकिसन म्हणाले. "आमच्या घरात कुणी न्हाई. माझे आजे नव्वदीत गेले. वडील शेतात साप चावून. थोरले चुलते म्हातारपणानं. त्यांचं मुतखड्याचं आपरेशन झाल्तं, कायबी न्हाई झालं." त्यांनी सगळी भावकी मोजून दाखवली. भाऊबंदांनी माना डोलावल्या. "माझंच हर्नियाचं झालं जालन्याला. तोंडावर ते रबरी ठिवलं, गोडगोड वास आला, आन् मंग काय झालं ते सवितालाबी ठावं न्हाई."

"कोण सविता?"

"नर्स व्हती," एक भाऊबंद म्हणाला. "लई नाव घेतेत तिचं."

सुतकाच्या घरातही एक-दोघांच्या ओठांची कड हलली.

गॅस घेऊन रामकिसन सहीसलामत उठले होते. मग उरली आई. तातेरावांनी दाराकडे पाहून विचारलं, "सगुणाबाई, तुमचं कधी ऑपरेशन झालंय?"

"झालं ना. बेबीच्या पाठी, मुलं बंद व्हायचं. मलाबी भूल दिल्ती, डागदरसाहेब. कायबी न्हाई झालं." पदर तोंडाला लावून ती बोलत होती. "डाक्टरीणबाई टाके घालता घालता समदा येळ सुनेचं गाऱ्हाणं सांगत व्हत्या नर्सला. सून म्हणं भाकर थापीत न्हाई, सकाळी आठला उठती."

"त्या दिवशी, जीपजवळ, तुम्ही काहीतरी बोलला होता. सत्यशीलाने ऐकलं."

सगुणाबाई उठली. उठताना तिने कमरेवर हात दाबला आणि तोंड वाकडं केलं. "म्या कायबी न्हाई बोलले," ती म्हणाली आणि आत गेली.

आईलाही भूल दिली होती आणि बापालाही. दोघंही सुखरूप. मग मुलात दोष आला कुठून?

परत येताना तातेरावांना स्वतःचीच लाज वाटत होती. एका पानाच्या भरवशावर आपण रडत्या घरात जाऊन बसलो. सत्यशीलाला आता काय सांगायचं?

५

दुसऱ्या दिवशी जेवून ते पुस्तक घेऊन बसले. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. जरा वेळाने उठून त्या चष्मा शोधू लागल्या.

"मघाशीच सांगितलं ना, फडताळात आहे म्हणून," तातेराव म्हणाले.

"मघाशी मी झोपले होते. झोपलेल्या माणसाला ऐकू येतं का हो? का तुमच्या पुस्तकात येतं?"

तातेरावांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

झोपलेल्या माणसाला ऐकू येत नाही. टाके घातले जात असताना डॉक्टरीणबाईच्या सुनेची भाकर सगुणाबाईला ऐकू आली होती! म्हणजे ती जागी होती. आणि उठताना तिने हात ठेवला तो कमरेवर, बरोबर मणक्याच्या मध्यावर.

त्यांनी सत्यशीलाला निरोप धाडला, भाड्याची जीप ठरवली. रामकिसनच्या गावात पोचले तर रामकिसन आणि सगुणाबाई पिशवी घेऊन फाट्यावर वाहन शोधत उभे. बेबीनंदाला कळा सुरू झाल्याचा निरोप आला होता. टेंभुर्णीच्या दवाखान्यात नेलं होतं.

सत्यशीलाला जीपमध्ये पाहताच रामकिसन मागे सरले. "ही बाई असंल तं आम्ही पायी जाऊ."

"पायी जाईपर्यंत तुमची दुसरी लेकरं जाईल," तातेराव म्हणाले. घाईत व्याकरण चुकलं, आवाजही चिरकला. आयुष्यात ते कुणावर ओरडले नव्हते. रामकिसन मुकाट्याने जीपमध्ये चढले.

६

फाट्यावरच्या फोनवरून टेंभुर्णीचा दवाखाना लागेना. लाईन मेलेली. जीप खड्ड्यांतून उडत होती, आणि तातेराव पुढच्या सीटवरून मागे वळून बोलत होते. असं सलग ते वर्गातसुद्धा बोलले नसतील.

"सिलिंडर चुकला असता, तर पोरगा निळा पडून गार झाला असता. तापला नसता. औषध जास्त झालं असतं, तर तो कापडासारखा सैल पडला असता, ताठला नसता. राहिलं विष. कुचल्याने माणूस ताठतो हे खरं. पण दुसरं इंजेक्शन हे स्नायू सैल करायचं असतं. विषाने आखडलेलं अंगसुद्धा त्याने मोकळं झालं असतं. इथे हसतबोलत आलेल्या पोराचा जबडा त्याच इंजेक्शननंतर बसला. जे सैल करतं त्यानेच आखडला. म्हणजे दोष औषधात नव्हता, देणारीत नव्हता, काढ्यातही नव्हता. तो त्याच्या स्नायूंत होता. उन्हात मांड्या आखडायच्या, लघवी काळी व्हायची, ती याचीच खूण."

"पण आम्ही दोघं..." रामकिसन म्हणाले.

"तुम्ही गॅस घेतला होता. तुमच्याकडून आलेला नाही." तातेरावांनी सगुणाबाईकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला सुई हातात दिली होती का कमरेत?"

"कमरेत. तवापासून तं ही कंबर..."

"आणि तोंडावर रबरी काही?"

"न्हाई."

"म्हणजे तुम्हाला तो गॅस कधी लागलाच नाही. फक्त कमरेखालचं अंग बधिर केलं होतं. तुमच्या अंगात दोष असेल तरी तो कळला नसता. आता सांगा. 'पुन्हा तसंच' म्हणजे कुणासारखं?"

सगुणाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर. तिच्या हाताची बोटं पदराच्या काठावर सारखी फिरत होती.

"कुणासारखं न्हाई," ती म्हणाली.

सत्यशीलाने हळूच तातेरावांच्या खांद्याला हात लावला, आणखी विचारू नका असं. तिला कळलं होतं. ही बाई बोलली, तर लेकाच्या मरणाचं खापर तिच्या माहेरावर फुटणार होतं. आणि तिच्या लेकीला टेंभुर्णीची माणसं नांदवणार नव्हती.

७

दवाखान्याच्या व्हरांड्यात बेबीनंदाचे सासरे पुंजाराम उभे होते. आतून तिचं ओरडणं ऐकू येत होतं. तरुण डॉक्टर हातमोजे घातलेले हात वर धरूनच बाहेर आला. त्याचा चेहरा घामेजला होता.

"कमरेतली सुई एकाच बाजूला लागली. दुसऱ्या बाजूने दुखतंय. बाळाचे ठोके कमी होतायत. पूर्ण भूल देतो, गॅसवर घेतो."

"गॅस नको!" तातेराव आणि सत्यशीला एकदम म्हणाले.

"तुम्ही कोण?" डॉक्टर पुंजारामकडे वळला. "मी विचारलं होतं ना? घरात भुलीने कुणी दगावलंय का?"

"आमच्या घरात कुणी न्हाई," पुंजाराम ठासून म्हणाले. "बिलकुल न्हाई. आन् तिच्या भावाला तं ह्याच बाईनं मारलं. हिचं काय ऐकता, डाक्टर? जल्दी करा."

पुंजाराम खोटं बोलत नव्हते. रामकिसनही बोलले नव्हते. घर म्हणजे भावकी. ज्या बाईच्या पोटातून सगळं आलं, तिचं माहेर कुठल्याच घरात धरलं जात नव्हतं. तातेरावांना हे त्या व्हरांड्यात उभ्या उभ्या समजलं, आणि आपल्या शब्दाला इथे काही वजन नाही हेही. डॉक्टर आत वळला.

"माझी बहीण," सगुणाबाई म्हणाली.

सगळे थांबले.

"माझी बहीण गेली अशी. जाफराबादकडं, तिच्या सासरी, मुलं बंद करायच्या क्यांपात. तोंडावर रबरी ठिवलं आन् गेली. म्या तिला न्हाऊ घातलं, तं आंग असं तापलेलं, पाणी गरम व्हऊन खाली येत व्हतं. हात सरळ करता येईना, चोळीत घालता येईना." तिने पदर डोक्यावरून मागे पडू दिला. "हा दोष माझा हाय. माझ्या माहेरचा हाय. माझ्या लेकीला ते रबरी लावू नका, साहेब, पाया पडते."

डॉक्टरने सत्यशीलाकडे पाहिलं. "केटामाइनचं इंजेक्शन देऊ?"

"चालेल. त्याने भूल येईल आणि हिच्या स्नायूंना धोका नाही," ती म्हणाली. "मी देऊ?"

डॉक्टरने रामकिसनकडे पाहिलं. रामकिसन खाली बघत होते. त्यांनी नुसता हात हलवला, जा म्हणून.

८

बेबीनंदा वाचली. मुलगी झाली.

पुंजारामांनी नातीचं तोंड पाहिलं नाही. "व्याही," ते रामकिसनला म्हणाले, "असलं रगत हाय हे लग्नाआधी सांगायचं व्हतं." आणि ते बिडी पेटवत फाटकाकडे गेले. रामकिसन उत्तर द्यायला उभे राहिले आणि पुन्हा बसले. सत्यशीला हात धुऊन बाहेर आली, तेव्हा तिला जागा द्यायला ते बाकावर थोडे सरकले. तेवढंच. ती बसली नाही.

तातेराव आत सगुणाबाईजवळ स्टुलावर टेकले. "ताई, तुमच्या आणखी बहिणी? तुमच्या आईच्या बहिणी, त्यांची मुलं? सगळ्यांना सांगावं लागेल."

सगुणाबाई आठवू लागली. "मावशा तिघी. चांगुणा, सोनू, आन् धाकटी तुळसा. चांगुणामावशी बीडकडं कुठं दिल्ती. सोनूमावशीचं नाव सासरी बदललं, काय ठिवलं म्हाईत न्हाई. माझंबी बदललंच की. माहेरी मी साळू." ती थोडं हसली. "मला साळू म्हणून हुडकायला कुणी आलं, तं घरातले म्हणतील, अशी कुणी हितं न्हाई."

या बायका कुठल्या गावांत, कुठल्या नावांनी नांदत होत्या, त्यांची लेकरं कुठल्या टेबलावर चढणार होती, हे शोधायला कुठलंच पुस्तक उपयोगाचं नव्हतं. या आजारावर एक औषध आहे हे त्यांना माहीत होतं. ते आपल्याकडे कुठल्याच दुकानात मिळत नाही, हेही माहीत होतं.

"हिच्यात हाय का?" मांडीवरच्या नातीकडे बघत सगुणाबाईने विचारलं.

"असेल किंवा नसेल. बेबीत असला, तरच हिच्यात यायची शक्यता, तीही निम्मी."

"कवा कळंल?"

"बघून कळत नाही, ताई. कळतं ते..." त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही. सगुणाबाईने मान हलवली. तिला ते पुरं करून नको होतं.

बाहेरून पुंजारामांचा आवाज आला, उद्या गाडी आणतो, सुनेला आन् तिच्या आईला वाटंला लावतो. बारशाला आपल्याला कुणी बोलवणार नाही हे सगुणाबाईला त्या क्षणीच कळलं असावं. पाळण्याशी वाकून कानात नाव सांगायला तिथे दुसरी कुणी असेल.

तिने नातीला उचललं. बारशाला करतात तसं त्या इवल्या कानाशी तोंड नेलं, 'कुर्र' केलं. तातेरावांना वाटलं, ती नाव सांगतेय.

"रबरी लावू देऊ नको, बाई," ती पुटपुटली. "तोंडावर रबरी लावू देऊ नको. सांग त्यानला. साळूची नात हाय म्हणावं."

मूल झोपलेलं होतं. सगुणाबाईने कान बदलला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.